बुवे बेटावर बिऱ्हाड

सौदीतल्या जुबैलमधल्या आमच्या फ्लॅटला तीन खोल्या होत्या. आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा त्यातली एक आम्ही आपल्याच हातांनी निकामी केली. खिडकीवर प्लास्टिक, प्लास्टिकवर रुंद खाकी चिकटपट्टी आणि दाराच्या फटीला ओला टॉवेल. भोंगा वाजला की गॅसचे मास्क घेऊन तिथे बसायचं, असा हुकूम होता. विषारी वायूला हा टॉवेल अडवेल यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पण भोंगा झाला की टॉवेल भिजवायला सगळ्यांत आधी मीच धावायचे.

खोलीत आम्ही तिघी असायचो. मी, माझी आठ वर्षांची मुलगी आणि वरच्या मजल्यावरची खाला. खाला रत्नागिरीकडची. तिचा नवरा आणि माझा नवरा एकाच प्लांटवर, समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या. कुवेतकडून तेलाचा तवंग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली सरकत होता. तो पंपात शिरला असता तर सगळा मुलूख तहानला असता, म्हणून पुरुषांच्या सुट्ट्या खलास आणि ड्युट्या लांबलेल्या. भोंगा वाजायचा तेव्हा दोघेही हटकून तिकडेच असायचे.

मी लग्नाआधी नाशिकला शाळेत भूगोल शिकवायचे. सौदीत मी नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर आलेली, नोकरी करायला बंदी. भरल्या वर्गाची सवय असलेली बाई दुधाची तहान ताकावर भागवत एकुलत्या एका लेकीला शिकवायची. त्यात युद्धामुळे शाळा बंद, म्हणजे ती बिचारी दिवसभर माझ्या तावडीत.

एका संध्याकाळी भोंगा चालू असताना तिने विचारलं, "आई, मिसाइल कुठे पोचत नाही?"

दुसऱ्या एखाद्या आईने तिला जवळ घेतलं असतं. मी अ‍ॅटलास उघडला. आफ्रिकेच्या खाली, पार दक्षिणेला, निळ्या रंगात एक ठिपका दाखवला. "बुवे बेट. याच्याइतकं एकटं बेट जगात नाही. ज्वालामुखीचं तोंड बर्फाने बुजलेलं, चहूकडे काळे कडे आणि कड्यांवरून बर्फ थेट समुद्रात कोसळतो. बंदर नाही, धक्का नाही. झाड नाही, माणूस नाही. सील आणि पेंग्विन तेवढे."

"गोडं पानी हाय का?" खालाने विचारलं. तिच्या नवऱ्याचा जन्म पंपापाशी गेलेला, तिला दुसरं काय सुचणार?

"बर्फच बर्फ आहे, खाला. वितळवला की गोडं पाणी."

लेकीचे डोळे एकदम मोठे झाले. "मग बाबांना तिथे ड्युटीच नाही!"

झालं. त्या दिवसापासून आमचं बिऱ्हाड बुवे बेटाला निघालं. भोंगा वाजला की तोंडी बांधाबांध सुरू. लेक मेतकूट, गोडा मसाला आणि लोणच्याची बरणी घ्यायची. खाला म्हणायची, "सुके बोंबील मी घेतंय." मग लेक नाक दाबायची, "नको, खाला, रूम बंद असते!" दूर कुठे तरी धडाम् व्हायचं, काचा थरथरायच्या आणि आम्ही बर्फात चूल कशी पेटवायची यावर तावातावाने भांडत असायचो. त्या खोलीत मी इतकी हसले आहे की आता सांगायची लाज वाटते.

एकदा सगळं ठीक असल्याचा भोंगा वाजायला फार उशीर लागला. तेव्हा मी तिला बेट कसं सापडलं ते सांगितलं. एका फ्रेंच कप्तानाला ते प्रथम धुक्यातून दिसलं. त्याला वाटलं, मोठ्या खंडाचं टोकच गवसलं. पण बर्फाने आणि धुक्याने त्याला जवळ फिरकू दिलं नाही. किनाऱ्याला पाय न लावताच तो परतला आणि जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवले ते चुकीचे. पुढे मोठमोठे दर्यावर्दी त्या जागी जाऊन आले. नुसतं पाणी. असं बेटच नाही, असं म्हणायची पाळी आली. मग कित्येक वर्षांनी एका देवमाशांच्या शिकाऱ्याला ते पुन्हा दिसलं. दुसऱ्या एकाने तर शेजारी आणखी एक बेट पाहिल्याचं सांगितलं, ते आजतागायत कुणाला मिळालेलं नाही. खरी जागा नक्की व्हायला दीडशेहून जास्त वर्षं गेली.

"पण ते तिथेच होतं ना?" लेकीने विचारलं.

"होतं की. बेट कुठे जाणार?"

"मग सापडलं का नाही?"

"धुकं होतं. आणि मोजमाप चुकलं."

ती अ‍ॅटलासमधल्या त्या ठिपक्यावर बोट ठेवून बसली. पोरगी विचार करायला लागली म्हणून माझ्यातल्या बाई खूष.

मग कंपनीचा निरोप आला. बायकामुलांसाठी बस, जेद्दापर्यंत. तिथून विमानाने मुंबई. पुरुष इथेच राहतील.

लेक म्हणाली, "मी नाही जाणार."

रडली नाही, आदळआपट केली नाही. मी समजावलं, खालाने समजावलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी म्हणाली, "आपण गेलो आणि मग बाबा सापडले नाहीत तर?"

"असं कसं? घराचा पत्ता आहे, बिल्डिंगचा नंबर आहे."

"त्या कॅप्टनकडेपण नंबर होता."

माझ्याच विषयात माझ्याच विद्यार्थिनीने मला पकडलं. आणि मी घाबरले. तिची भीती मला नवी नव्हती. तीच मला युद्धाच्या पहिल्या दिवसापासून वाटत होती. फक्त मी ती त्या ओल्या टॉवेलासारखी दाराच्या फटीत कोंबून ठेवली होती.

नवरा ड्युटीवरून आला. कपड्यांना तेलाचा वास, डोळे लाल. त्याने तिला मांडीवर घेतलं. "अगं, त्या कप्तानाने धुक्यातून बघितलं. तू मला रोज उजेडात बघतेस. तुझं कसं चुकेल?"

तिने बराच वेळ त्याचा चेहरा न्याहाळला. मग म्हणाली, "ओके. बसमध्ये बसेन." एवढ्यावर मिटलं असं आम्हाला वाटलं.

निघायच्या सकाळी बस इमारतीखाली उभी होती. आमच्याकडे प्रवासाला निघालेल्याच्या तळहातावर दही घालतात, जाणारा सुखरूप परत यावा म्हणून. मी वाटी घेऊनच खाली उतरले. खालाचा नवराही तिला पोचवायला आला होता. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत घाई करत होता. मी लेकीला म्हटलं, "हात पुढे कर."

तिने हात मागे घेतले. माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि बापासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, तुम्ही हात पुढे करा."

तो हसला. "वेडाबाई, दही जाणाऱ्याला देतात. मी कुठे जातोय? मी इथेच आहे."

"आयलंडपण तिथेच होतं ना, बाबा."

त्याचं हसू गेलं. त्याने हात पुढे केला. तिने चमचाभर दही घातलं, आणि सगळ्या बससमोर त्या माणसाने तळहात चाटूनपुसून साफ केला. मी तोंड फिरवलं, तर बाजूला खाला डोळे पुसत उभी. ती लेकीला म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याच्याबी हातावर घाल गो, बाय." आणि त्या दाढीवाल्या, करड्या चेहऱ्याच्या माणसाने हात पसरला.

युद्ध संपलं. पावसाळा झाल्यावर आम्ही परतलो, तेव्हा दोघेही विमानतळावर उभे होते. लेक धावत गेली नाही. लांबूनच बापाला नीट पाहून घेतलं, मग चालत जवळ गेली.

आता ती परदेशात असते. आम्ही दोघं नाशिकला. गेल्या खेपेला परत निघताना तिने स्वयंपाकघरातून दह्याची वाटी आणली आणि दारात आम्हा दोघांनाही हात पुढे करायला लावले. आम्ही कुठे जाणार, असं माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं आणि हात पुढे केला.