शेवाळ मॅडमचा विषय बंद झाला त्याची गोष्ट

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा सगळं टाइप करून पुसून टाकलं. कारण शेवाळ मॅडमना कुणी आपल्यासाठी हळहळलेलं अजिबात खपत नाही, आणि हे वाचून तुम्ही हळहळणार हे मला आत्ताच दिसतंय. पण मी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता लांब परगावी असते, आणि काल त्यांच्या ताईंशी फोनवर बोलणं झालं आणि मग काही राहवेना. तर ऐका.

शेवाळ मॅडम हे काही त्यांचं खरं नाव नाही. पण खरं नाव निम्म्या कॉलेजला सांगता येणार नाही. वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला शेवाळं शिकवतात म्हणून शेवाळ मॅडम, बस. त्यांनाही माहितीये. एकदा एका नवीन पोराने बावचळून तोंडावर "शेवाळ मॅडम आहेत का?" विचारलं तर त्या म्हणाल्या, "आहेत, जरा सांभाळून ये, पाय घसरेल."

नेमणूक कायमची नाही. सहा महिन्यांचं पत्र, ते संपलं की नवीन पत्र, अशी वर्षानुवर्षं चाललेली. विषय आहे तोवर मॅडम आहेत. विषय गेला की मॅडम गेल्या. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तरी त्यांनी कधी दुसरीकडे हातपाय मारले नाहीत, कारण जिन्याखालच्या त्या खोलीत त्यांचा जीव अडकला होता.

ती खोली पूर्वी मोडक्या खुर्च्यांची होती. मॅडमनी ती झाडून पुसून घेतली, फळ्या मारून घेतल्या, दिवसभर जळणाऱ्या पांढऱ्या ट्यूबलाइट लावून घेतल्या, आणि त्या उजेडात काचेच्या बारीक नळ्यांमधून शेवाळं वाढवली. प्रत्येक नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा. आत खाऊ म्हणून तळाशी जेलीसारखा थर, त्यावर हिरवं काहीतरी. कुठलं नदीच्या पायरीवरचं, कुठलं बंद पडलेल्या कारंज्यातलं, कुठलं चक्क गटारातलं. बाटली घेऊन गटारापाशी वाकलेल्या मॅडमना एकदा वॉचमनने विचारलं होतं, "मॅडम, काय पडलं का आत?" "पडलं नाही हो, सापडलंय!"

पण शेवाळ नळीत घातलं आणि झालं असं नसतं. खाऊ संपतो. मग दर काही आठवड्यांनी जुन्या नळीतून चिमूटभर उचलून नव्या नळीत ठेवावं लागतं. तार ज्योतीत लाल करायची, जरा गार होऊ द्यायची, बोळा करंगळीत धरायचा, नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, आणि सगळं होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर तोंडातले जंतू आत. एम.एस्सी.ची पोरं आणि दहा मिनिटं गप्प! वर्गात एक मुलगी होती, सगळे तिला लाऊडस्पीकर म्हणायचे. ती सुद्धा गप्प बसायची. मॅडम म्हणायच्या, "हिच्या आईने मला पत्र लिहून आभार मानले पाहिजेत."

एक हात चुकला, एक महिना विसरला, तर ते शेवाळ मेलं. मॅडमनी कधी चुकवलं नव्हतं. तापात सुद्धा आल्या होत्या.

आणि मग वर्षाच्या मध्यावर ती नोटीस लागली.

पदव्युत्तर अभ्यासक्रमातले बदल, अशी लांबलचक नोटीस. अमुक डिप्लोमाचं नाव बदललं, तमुक दोन विषय एकत्र केले, एक नवीन सर्टिफिकेट सुरू. मॅडम चहाचा कप हातात घेऊन वाचत होत्या, निवांत, कारण अशा नोटिसा येतात नि जातात. खाली खाली वाचत गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या. शैवालशास्त्र हा ऐच्छिक विषय आता दहा विद्यार्थी मिळाले तरच चालणार. आणि त्याच्याच वेळेला, त्याच तासाला, नवीन ऐच्छिक विषय: डेटा विश्लेषण. वर्गात सगळी मिळून पंधरा-सोळा पोरं. शनिवारपर्यंत कॉम्प्युटरवर विषयापुढे खूण करायची. बस.

कप तसाच घेऊन त्या विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. हे मोठे सर आणि मॅडम एके काळचे वर्गमित्र, एकाच बाकावर बसलेले. पण खोलीत क्लार्क होता.

"सर, हे काय आहे?"

"मॅडम, वरून आलंय. सगळ्याच विभागांना आलंय."

क्लार्क फाइल घेऊन बाहेर पडला तसा सरांचा आवाज खाली आला. "अगं, मी तरी काय करू? पोरांना नोकऱ्या पाहिजेत. शेवाळावर नोकरी कोण देतं?"

"मला दिलीस ना तू."

"तेच तर म्हणतोय. एकच होती, ती तुला दिली."

दोघंही हसले. मग मॅडमना हसू आवरेना, आणि मग ते हसू नाही असं सरांच्या लक्षात आलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. "दहा पोरं आण," ते म्हणाले. "दहा आण, मग या वर्षी तरी कुणी हात लावत नाही. पुढचं पुढे."

ज्या बाईने आयुष्यात कुणाकडे साधी सुट्टी मागितली नव्हती ती बाई त्या आठवड्यात पोरांच्या मागे मागे फिरली. कँटीनच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडला. काचेवर थेंब टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला, "ये, बघ जरा, एकच मिनिट." एकजण डोळा लावून ओरडला, "आई शप्पथ मॅडम, हे गरगर फिरतंय! हिरवा चेंडू! आत पिल्लं आहेत त्याच्या!" "फिरणारच. ते काय तुझ्यासारखं दिवसभर कँटीनला बसून राहतं?" सगळे हसले. गर्दी जमली. लाऊडस्पीकर पुढे आली आणि तिच्या त्या आवाजात म्हणाली, "मॅडम, भारीये हे. पण खरं सांगा, हा विषय घेऊन पुढे काय?"

खोटं बोलता आलं असतं. तोंडावर आलंही होतं काहीतरी, अमक्या कंपनीत घेतात, तमक्या संस्थेत घेतात. मॅडम म्हणाल्या, "पुढे माझ्यासारखं होता येईल." पोरं परत हसली. मॅडमही हसल्या, आणि काचेवर नवा थेंब टाकला.

एका मुलाच्या वडलांना फोन सुद्धा केला, मुलगा म्हणाला होता घरी विचारावं लागेल. वडील मन लावून ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मॅडम, हा शेवाळ काढायला शिकणार का वाढवायला?"

"वाढवायला."

"मग कशाला हो शिकायचं? आमच्या टाकीत आपोआप वाढतंय की."

घरी ताई. त्या शिवणकाम करतात, खाली दुकान, वर दोघी बहिणी राहतात. ताईंची जीभ कात्रीपेक्षा धारदार. "काय, आज किती मासे लागले गळाला?" मॅडमनी पिशवी खाली टाकली तसं ताईंनी मशीन थांबवलं. "तुला तेव्हाच सांगत होते, बीएड कर, शाळेत लाग. तू शेवाळाशी संसार मांडलास. आता सवत आली तर रडतेस कशाला?" असं म्हणाल्या आणि ताट वाढून आणून हातात दिलं, आणि मॅडम जेवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

शनिवारी संध्याकाळी मोठ्या सरांच्या कॉम्प्युटरवर यादी उघडली. शैवालशास्त्र. खाली नावं. वर्गातलं जवळजवळ प्रत्येक नाव! मॅडमनी बोट लावून लावून वाचलं. लाऊडस्पीकर होती, तो टाकीवाला पण होता. सर म्हणाले, "जिंकलीस की गं!" क्लार्क तिथेच होता तरी म्हणाले.

रविवारी मॅडम जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसल्या. सबंध वर्गाला पुरतील एवढ्या नळ्या धुतल्या, खाऊ शिजवून त्यांत भरला, बोळे वळून लावले, सगळं प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक केलं, नळ्या तिरक्या ठेवून आतला थर घट्ट होऊ दिला. ताई डबा घेऊन आल्या तर या गुणगुणत होत्या. ताई दारातच थांबल्या. पुष्कळ वर्षांनी ऐकलं होतं ते.

सोमवारी यादीत दोन नावं.

मॅडमना वाटलं कॉम्प्युटर बिघडलाय. सरांनी परत उघडली. दोनच. बाकीची सगळी रद्द, पुढे कारण दिलेलं: एकाच तासाला दोन विषय.

झालं होतं असं. पोरांना मॅडमचं मन मोडवत नव्हतं. आणि डेटाही सोडवत नव्हता. लाऊडस्पीकरने डोकं लावलं, आपण दोन्हीपुढे खूण करू या, कॉम्प्युटर कुठे अडवतोय? नाव मॅडमकडे लागलेलं राहील, विषय वाचेल, तासाला डेटाला बसू, आणि मॅडमचं प्रॅक्टिकल कधीतरी शनिवारी उरकू. मॅडम काय, नाही म्हणणार नाहीत. सगळ्यांना पटलं. खूण करताना कॉम्प्युटरने खरंच अडवलं नाही. मुदत संपल्यावर मात्र त्याने ज्यांच्या दोन खुणा होत्या त्यांना दोन्हीकडून उडवलं. तेलही गेलं, तूपही गेलं.

पोरं घोळक्याने जिन्याखालच्या खोलीपाशी आली. लाऊडस्पीकर रडत होती, आणि तिचं रडणंही तसंच, तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाणारं. "मॅडम, आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही तुमच्यासाठीच केलं होतं."

"अगं गप, गप. आता काय म्हणतायत ते सांग."

"परत भरून घेतायत. आज संध्याकाळपर्यंत. एकच विषय."

मॅडमचा चेहरा एकदम उजळला. बुडत्याला काडी दिसली! "मग झालं तर! रडतेस काय वेडे? माझा भरा. या वेळी फक्त माझा भरा. अजून आठजण झाले की दहा होतायत."

घोळका जागचा हलला नाही.

फळीवरच्या नळ्यांकडे बघत होते सगळे. कालच्या ताज्या नळ्या, ओळीने लावलेल्या, अजून रिकाम्या. टाकीवाला म्हणाला, "मॅडम, घरी डेटाच सांगितलंय." दुसरी म्हणाली, "मला मुलाखतीला विचारतात हो मॅडम, डेटा येतो का म्हणून." लाऊडस्पीकर काहीच म्हणाली नाही. तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही, आणि मॅडमना जे कळायचं ते त्यातून कळलं. पोरांना विषय नको होता. कधीच नको होता. त्यांना मॅडमची दया आली होती.

"जा," मॅडम म्हणाल्या. "तास चुकेल तुमचा."

दुपारभर त्या प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. मनाशी वाक्यं जुळवत होत्या. दोन पोरांवर चालवते म्हणू. फुकट शिकवते म्हणू. विषय नको, निदान खोली ठेवा म्हणू, तास नको, नुसत्या नळ्या बदलायला येत जाईन, किल्ली तेवढी द्या. आत-बाहेर करणाऱ्या शिपायाला तीनतीनदा विचारलं. शेवटी तोच कळवळून म्हणाला, "मॅडम, बसू नका आता. साहेब मागच्या दाराने गेले."

पुढे काय सांगू. पत्र संपलं, नवीन आलं नाही. जिन्याखालच्या खोलीत डेटाचे कॉम्प्युटर येणार म्हणून ती रिकामी करून मागितली. त्या दोन नावांतली एक मुलगी मदतीला आली होती, तिनेच मला हे सांगितलं. मॅडम फळीसमोर उभ्या, हातात ताईंचा जेवणाचा डबा, त्यात मावतील तेवढ्याच नळ्या न्यायच्या. एक उचलायच्या, ठेवायच्या, दुसरी उचलायच्या. "पोटच्या पोरांतली कुठली न्यायची ते कुणी सांगेल का गं?" असं म्हणाल्या. मग डोळे मिटून हाताला लागल्या तेवढ्या घेतल्या. बाकीच्या तिथेच राहिल्या. जाताना खोलीतल्या ट्यूबलाइटचं बटण त्यांच्याने बंद करवेना, ते त्या मुलीने केलं.

आता काल ताई काय म्हणाल्या ते सांगते. घरी आणलेल्या नळ्या खिडकीत ठेवल्यायत. बदलायची वेळ होऊन गेली. मॅडम बदलत नाहीयेत. बोळा काढून बघतही नाहीत. हिरवं होतं ते पिवळं पडत चाललंय. ताई म्हणाल्या, "मी म्हटलं मला शिकव, मी बदलते, शिवणाचा हात आहे माझा. तर म्हणते, कशाला? कुणाला दाखवायचंय?" आणि हे सांगताना ताईंची, त्या कात्रीच्या जिभेच्या ताईंची, धार कुठल्या कुठे गेली होती.

मी विचारलं, पोरं येत नाहीत का कुणी? नाही. एकही नाही. लाऊडस्पीकरला मी गाठलं, तर ती म्हणते कोणत्या तोंडाने जाऊ? आणि मॅडमना वाटतंय, आता दया करायलाही कुणाला वेळ उरला नाही. इकडे पोरं लाजून बसलीत, तिकडे त्या वाट बघत नाही असं दाखवत बसल्यात, आणि मधल्या मध्ये त्या नळ्या मरतायत.

विषय परत सुरू होणार नाही, ते मला कळतं. पण तुम्ही जा ना. तुम्ही त्यांच्या वर्गातले असाल, जुन्या कुठल्या बॅचचे असाल, नाहीतर नुसतं कँटीनमध्ये त्या मायक्रोस्कोपला डोळा लावला असेल, तरी जा. शिवणाच्या दुकानात ताई असतातच, त्या वर पाठवतील. माफी मागत बसू नका, रडू तर मुळीच नका, त्यांना चालत नाही. सरळ म्हणा, मॅडम, ती तार कशी धरायची ते विसरलो, परत दाखवा. दहा मिनिटं गप्प बसायची तयारी ठेवा. आणि पुढच्या महिन्यात बघू असं करू नका हं, याच आठवड्यात जा.