उत्तरेकडची भिंत

भाडेकरू क्रमांक ४१२. नाव: विडमन, अर्लीन. वय: ७८. व्यवसाय: शेती. वास्तव्याचे स्वरूप: तात्पुरते. वास्तू: दुमजली, विटांची. वारसामूल्य: आढळले नाही. स्थिती: केव्हाही कोसळेल अशी.

टोरांटोच्या पूर्वेकडची आमची शेतं केंद्र सरकारने १९७२ साली विमानतळासाठी घेतली. विमान काही आलं नाही. आम्ही आपापल्याच घरांत भाडेकरू झालो, करार एकेका वर्षाचा. त्यातून आमचा एक धर्म तयार झाला: तक्रार करायची नाही. दुरुस्ती परवडणारी नाही असं या जमिनी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याला वाटलं की माणसं बाहेर, खिडक्यांना फळ्या, आणि पुढच्या वसंतात पाडायचं यंत्र. म्हणून छप्पर गळलं की आम्ही बादली ठेवायचो, आणि तपासनीस यायचा असला की बादलीत फुलं.

मग विमानतळ रद्द झाला. जमीन शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाला जोडावी की नाही, यावर शाळेत सभा भरली. शहरातल्यांना जंगल हवं होतं, आम्हाला लांब मुदतीचे करार. अर्लीनला जिथे जन्मली त्या घरात मरायचं होतं, एवढंच. उद्यान तीस वर्षांचे करार देणार असं कळल्यावर ती त्याच्या बाजूने बोलायला उभी राहिली.

"तुमच्या अंगणातून पायवाट नेली तर चालेल?" शहरातल्या एका बाईंनी विचारलं.

"न्या की. पन्नास वर्षं विमानं जाणार होती. त्यापेक्षा माणसं बरी."

सभा हसली. उद्यानाचा तरुण अधिकारीही हसला. "मॅडम, आम्ही जुन्या खात्यासारखे नाही. घराला काय हवंय, मोकळेपणाने सांगा."

मी तिची बाही ओढली. "अर्लीन, बस खाली. फुलं आठव."

"अरे ग्लेन, पोरगा भला दिसतोय," ती म्हणाली, आणि सांगून मोकळी झाली: उत्तरेकडची भिंत जराशी बाहेर झुकलीय.

पोरगा भलाच होता. त्याने ते शब्दशः टिपून घेतलं.

मे महिन्यात अभियंता आला, जूनमध्ये फळ्या. सप्टेंबरात विस्तार मंजूर झाला आणि तीस वर्षांचे करार मिळाले, ज्यांची घरं राहती होती त्यांना. अर्लीन भाचीकडे गेली, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. फेब्रुवारीत तिथेच वारली.

एप्रिलमध्ये यंत्र आलं. बाकीचं घर दुपारपर्यंत खाली आलं. उत्तरेकडच्या भिंतीला दीड दिवस लागला.