शून्यावरची रेष

सुखदेव बोरकुटे पुण्यात नोकरीसाठी आले, असं ऑफिसातले सगळे समजत. खरं तर ते मुलीच्या कानांसाठी आले होते. त्र्याण्णव साली चंद्रपूरच्या एस.टी.ने त्यांना स्वारगेटला उतरवलं, तेव्हा तीन वर्षांची भाग्यश्री त्यांच्या खांद्यावर झोपली होती. तापात तिचे दोन्ही कान गेले होते. पुण्यात डॉक्टर चांगले, असं कुणीतरी सांगितलं होतं. डॉक्टर चांगलेच निघाले. त्यांनी नीट तपासलं आणि आता काही होणार नाही, असं स्वच्छ सांगून टाकलं.

परत कोणत्या तोंडाने जायचं, म्हणून बोरकुटे राहिले. गावी ते कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवत. इथली पहिली नोकरी जेमतेम सहा महिने टिकली. मग बापूराव तापकिरांनी त्यांना ठेवून घेतलं. बापूरावांची शेती वाढत्या शहराने गिळली, तेव्हा त्यांच्या भावांनी मंगल कार्यालयं काढली आणि यांनी सदाशिव पेठेत दोन खोल्यांत सॉफ्टवेअर कंपनी. त्यांना स्वतःला कॉम्प्युटर कधी चालू करता आला नाही. माणूस मात्र ओळखता येतो, असा त्यांचा दावा होता.

बोरकुट्यांनी तिथे कान तपासणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम लिहिला. यंत्र कानात लहानमोठे आवाज सोडायचं, ऐकू आलं की माणसाने बटण दाबायचं, आणि पडद्यावर आलेख उमटायचा. चांगल्या कानाची रेष वर, शून्याजवळ. कान जितका अधू, तितकी रेष खाली. यातलं सगळं किचकट गणित त्यांनी एका लायब्ररीत, म्हणजे प्रोग्रामला जोडायच्या तयार भागात, बसवलं होतं. प्रोग्राम बरोबर चालतो का, हे बघायला ते नेहमी भाग्यश्रीच्याच तपासणीची साठवलेली नोंद वापरत. लोकांना मुलांचे मार्क पाठ असतात, तसे यांना तिच्या कानांचे आकडे पाठ होते.

एक गोष्ट मात्र त्यांनी लपवली. ऑफिसला दिली ती फक्त कंपायलरमधून निघालेली फाइल, जी कॉम्प्युटरला कळते, माणसाला नाही. माणसाने लिहिलेला मूळ सोर्स त्यांनी घरी फ्लॉप्यांवर ठेवला. पहिल्या नोकरीत एका सहकाऱ्याने विश्वासाने सोर्स दिला आणि महिन्याभरात त्याच्या हातात नारळ पडला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा बरेच जण असंच करत आणि त्याला व्यवहारज्ञान म्हणत. चार पावसाळ्यांत त्या व्यवहारज्ञानावर बुरशी चढली. एकही फ्लॉपी वाचेना. बोरकुट्यांनी हे बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

दोन हजार तीन साली एका संस्थेने खेड्यांतल्या शाळांसाठी साठ यंत्रं मागवली, नव्या कॉम्प्युटरवर चालणारी. त्या नव्या कॉम्प्युटरांची स्वतःची लायब्ररी वेगळ्याच कंपायलरने बांधलेली होती. तिला बोरकुट्यांची जुनी लायब्ररी जोडायला घेतली की लिंकर, म्हणजे हे भाग जोडणारा प्रोग्राम, पानभर तक्रारी ओकायचा: हे नाव सापडत नाही, ते नाव सापडत नाही. प्रत्येक कंपायलर नावांवर आपापल्या पद्धतीने शिक्का मारतो, आणि एकाचा शिक्का दुसऱ्याला ओळखू येत नाही.

“सर, सोर्स द्या ना,” नुकतीच लागलेली तनुजा म्हणाली. “नव्या कंपायलरवर रीबिल्ड मारते. पाच मिनिट्सचं काम आहे, सिरियसली.”

“त्याची गरज नाही. मी जोडून देतो,” बोरकुटे म्हणाले.

आठवडाभर खपून त्यांनी मधे एक छोटी फाइल लिहिली. जुन्या नावांना नवे शिक्के, नव्यांना जुने. शुक्रवारी लिंकर पहिल्यांदाच गप्प बसला. प्रोग्राम चालला. तनुजाने आपले कान तपासले: रेष थेट शून्यावर. बापूरावांनी तपासले: शून्यावर. “साठीतबी कान शाबूत हाय माझं,” म्हणून ते खूश झाले आणि सोमवारी माल पाठवायचा ठरवून टाकला. सगळ्यांचे कान चांगले, सगळ्यांच्या रेषा चांगल्या. शंका घ्यायचं कुणाला काही कारणच नव्हतं. बोरकुट्यांनाही त्या दिवशी ती घ्यायची नव्हती.

शनिवारी भाग्यश्रीची शाळा दुपारीच सुटली आणि ती ऑफिसात येऊन त्यांच्या शेजारी बसली. सवयीने त्यांनी तिच्या जुन्या तपासणीची नोंद नव्या प्रोग्रामला दिली.

रेष शून्यावर उमटली. डावा कान, उजवा कान, दोन्ही ठणठणीत.

दहा वर्षं बोरकुट्यांनी देवाकडे हीच रेष मागितली होती. क्षणभर त्यांना ती नुसती बघत बसावंसं वाटलं. मग चूक लख्ख दिसली. जुना कंपायलर आकडे एकाला एक खेटून ठेवायचा, नवा मधे मोकळी जागा सोडायचा. त्यामुळे लायब्ररी भलत्याच जागी हात घालून आकड्याऐवजी रिकामी जागा उचलत होती, आणि कान कुणाचाही असो, रेष शून्यावरच येत होती. नावं जुळली होती, मापं जुळली नव्हती. आणि मापं लिहिलेला सोर्स बुरशीत गेला होता.

भाग्यश्रीने पडद्यावर आपलं नाव वाचलं, रेष पाहिली. असले आलेख तिने शंभर पाहिले होते. तिने रेषेवर बोट ठेवलं आणि बाबांकडे बघून मान हलवली. चूक.

बोरकुटे उठून बापूरावांच्या केबिनमध्ये गेले.

“माल पाठवू नका,” ते म्हणाले. “बहिऱ्या पोरांना हे यंत्र चांगलं ऐकू येतं म्हणून सांगेल.”

“मग करा दुरुस्त. सोर्स हाय न्हवं तुमच्याकडं?”

“नाही जी. सडला. पाच वर्षं झाली.”

“आन् हापिसात का न्हवता?”

बोरकुट्यांनी खाली बघून सांगितलं, “तो दिला की आपण मला काढाल, असं वाटलं.”

बापूरावांनी माल पाठवायचा कागद बाजूला सारला.

“मी कधी मागितला तुमच्याकडं? येकदा तरी?”

“नाही.”

“न्हाई मागितला, कारण आपला माणूस म्हनत व्हतो तुम्हाला. साठ यंत्रं गेली, जाऊ द्या. पण तुम्ही मला दहा वरसं चोर समजत व्हता, बोरकुटे. सोमवारपास्नं येऊ नका.”

बोरकुट्यांच्या मनात होतं ते भय अखेर खरं झालं, तेही त्यांनीच खरं केलं. ते बाहेर आले. चेहरा सारखा करून त्यांनी भाग्यश्रीला हातांनी सांगितलं: सगळं ठीक आहे, चल, घरी जाऊ.

तिने दप्तर उचललं नाही. केबिनला काच होती, बापूरावांचं तोंड तिच्याच बाजूला होतं, आणि ओठ वाचायला तिला बोरकुट्यांनीच शिकवलं होतं.