उंदरांच्या पाण्याची कॅन

उंदीर मारायचा असला तर मनात चलबिचल चालत नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांत मान, उजव्या हातात शेपटीचं बूड, अन् एक झटका. मणका सुटतो, तो मागचे पाय दोनदा झाडतो, खलास. झटका अर्धवट बसला तर तो किंचाळतो, चावतो, नाकातून रक्त येतं अन् त्याचे हाल आपल्यालाच बघावे लागतात. यवतमाळच्या एका कॉलेजात मी प्राणीगृह सांभाळतो. पांढऱ्या उंदरांना खायला घालतो, त्यांचे पिंजरे धुतो अन् शेवटी मारतोही मीच. तिथं संशोधन करणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "दादा, तुमचा हात साफ आहे." मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

मॅडमचं काम गाभण उंदरिणींवर होतं. कपाशीवर जे औषध फवारतात ते थेंबभर तेलात मिसळून रोज त्यांच्या पोटात सोडायचं, अन् एका गटाला नुसतं तेल. त्या गटाला कंट्रोल म्हणत. विसाव्या दिवशी मी माना मोडायचो, मॅडम पोट उघडायच्या. उंदरिणीची गर्भपिशवी तुरीच्या शेंगेसारखी असते, एका रांगेत टपोरे दाणे, दाणा म्हणजे पिल्लू. औषधवालीच्या शेंगेत मधेमधे दाणे नसायचे, नुसते काळे ठिपके. तिथं पिल्लू रुजलं होतं अन् जागच्या जागी विरघळलं. मी विचारलं, असं कशानं होतं? त्या म्हणाल्या, "हार्मोन म्हणजे शरीरातला निरोप्या, दादा. हे औषध त्याचं सोंग घेतं अन् खोटा निरोप देतं. पिशवीला ते कळत नाही."

तेव्हा माझ्या घरीही तेच चाललं होतं, फक्त ट्रेमधे मांडून कोणी मोजत नव्हतं. बायकोला तीनदा दिवस गेले अन् तिन्ही वेळा पोट पडलं. तिसऱ्यांदा पाचव्या महिन्यात, वावरात, निंदण करता करता. मी कॉलेजात उंदरांना दाणे टाकत होतो. आई म्हणाली, "वावरच खराब असन तं बियाणं बदलवून काय होते? वावर बदलव." दवाखान्यातून आणल्यावर चौथ्या दिवशी मी बायकोला विचारलं, काय जड उचललं होतं तू? ती म्हणाली, "काहीच नाही." मला ते खोटं वाटलं. तो साफ हात उठला अन् तिच्या कानाखाली बसला. ती चुलीच्या कडेवर पडली, भुवई फुटली, रक्त राखेत गेलं. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. त्यानं अंगणात मला लाथा घातल्या, सगळं गाव बघत होतं, अन् बहिणीला तो माहेरी, बोरी अरबला, घेऊन गेला. आईनं फारकतीचा कागद करून आणला. मुलगीही बघून ठेवली होती, राळेगावकडची. फक्त सह्या बाकी होत्या, अन् मी आज करतो, उद्या करतो करत होतो.

असा उन्हाळा लागला. यवतमाळच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, उंदरांच्या बाटल्या कोरड्या. माझं गाव कळंबजवळ, घरच्या विहिरीला पाणी बरं. मी रोज एसटीनं पाच-पाच लिटरच्या दोन कॅन भरून आणू लागलो. फवारणीच्या औषधाच्याच कॅन त्या. आमच्याकडे रिकामी झालेली अशी कॅन कोणी फेकत नाही. राखेनं घासायची, साबणाच्या पाण्यानं खळखळवायची, दोन दिवस उन्हात ठेवायची, झाली पाण्याची. गावात घरोघरी तेच. मॅडमनं मला शाबासकी दिली. कॅन त्यांनी पाहिल्या नव्हत्या, बाटल्या तर मीच भरायचो.

विसावा दिवस उजाडला. पहिल्यांदा कंट्रोलच्या माद्या घेतल्या. मी मान मोडली, मॅडमनं पोट उघडलं अन् त्यांची कात्री थांबली. शेंगेत काळे ठिपके. दुसरीतही, तिसरीतही. हिवाळ्यात याच गटाच्या शेंगा भरगच्च निघाल्या होत्या.

"पिंजऱ्यांची अदलाबदल झाली, दादा," त्या म्हणाल्या. "चिठ्ठ्या तुम्हीच लावता."

माझं डोकं फिरलं. मी ट्रे उचलून ओट्यावर आपटला. कात्र्या उडाल्या, रक्ताचे शिंतोडे त्यांच्या पांढऱ्या कोटावर गेले. "इतक्या वर्षांत एक चिठ्ठी नाही चुकली माझी," मी ओरडलो. "चोर सोडून संन्याशाले फाशी देऊन राह्यले तुमी." त्या भिंतीला टेकल्या. चेहरा पांढरा पडला होता, पण बाई खमकी. म्हणाल्या, "मग या खेपेला बदललं काय, ते सांगा."

मी तोऱ्यात पिंजऱ्यांमागून कॅन काढून दाखवल्या. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला अन् कॅन माझ्या नाकापुढं धरली. रोजचा वास होता. घरच्या पाण्याचा वास असाच असतो, असं मी जन्मभर समजत होतो.

"प्लास्टिक औषध पिऊन घेतं, दादा. वरचं धुतलं जातं, आतलं पाण्यात उतरत राहतं. पण नुसत्या वासावरून शपथ घेऊन सांगता येणार नाही. पुन्हा करून बघू."

मी खालीच बसलो. अशीच कॅन बायको रोज डोक्यावर घेऊन वावरात जायची. दिवसभर बांधावर, उन्हात. त्यातलं पाणी मी प्यालो, आई प्याली, गाव प्यालं. पोट मात्र तिचं एकटीचं होतं.

पुढच्या खेपेला मॅडमनं आमच्याच विहिरीचं पाणी काचेच्या बरण्यांतून आणवलं. विसाव्या दिवशी माझा साफ हात पहिल्यांदा चुकला. झटका अर्धा बसला, उंदरीण किंचाळली, माझ्या अंगठ्यात दात रुतवले. दुसऱ्या झटक्याला गेली. मॅडमनं पोट उघडलं. शेंग भरलेली, एकही ठिपका नाही. तशाच सगळ्या. त्या भरल्या शेंगांकडे बघवेना मला.

घरी गेलो अन् कुऱ्हाडीनं सगळ्या कॅन फोडल्या. आई मधे आली, "अरे, नव्या कॅना कायले फोडतं?" मी तिला सांगितलं, तुझ्या सुनेचं काही खराब नव्हतं. ती म्हणाली, "उंदरावरून मानसाचं सांगतं का रे?" मी कुऱ्हाड दारात मारली, ती फळीत रुतून बसली. फारकतीच्या कागदावर अजून एकही सही नव्हती, तो खिशात घातला अन् सकाळच्या एसटीनं बोरी अरबला निघालो. तिच्यासमोर फाडायचा, असं ठरवून.

साळ्यानं दारातच गचांडी धरली. "जवाईबुवा, आता काय तोडाले आले?" मी म्हटलं, मार, पण आधी ऐक. अंगणात माठाशेजारी तसलीच कॅन होती, भरलेली. मी त्याला झटकलं, दगड उचलला अन् कॅन फुटेपर्यंत हाणला. पाणी सगळ्या अंगणात झालं. आवाज ऐकून बायको बाहेर आली. भुवईवरची खूण अजून लाल होती.

मी सगळं सांगितलं. उंदरिणी, काळे ठिपके, कॅन, भरलेल्या शेंगा. बोलताना रडलो. दोष तुझा नव्हता, म्हटलं, पाण्याचा होता. घरी चल. अन् कागद काढून फाडायला दोन्ही हातांत धरला.

ती फुटलेल्या कॅनकडे बघत म्हणाली, "डब्बा फोडला, बरं केलं. पन डब्ब्यानं मले मारलं नव्हतं."

कागद माझ्या हातात न फाडताच राहिला.

"उंदरायनं सांगतलं म्हनून आले तुमी. मी तं तवाच सांगतलं होतं, काहीच नाही उचललं म्हनून."

तिनं माझ्या हातातून कागद घेतला. पिंजऱ्याच्या चिठ्ठ्या लिहायचा पेन माझ्या खिशाला होता, तोही काढून घेतला. ओट्यावर बसून तिनं सही केली अन् कागद माझ्याकडे दिला.