रिकामी पिशवी

मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्या आधी कोणी पोस्टकार्डापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि तेही शेजारच्या मुलाला समोर बसवून. तेव्हा सरांसारख्या माणसाबद्दल मी लिहायला बसावं हे जरा जास्तच होतंय, याची मला जाणीव आहे. पण सरांचे जे विद्यार्थी हे चांगलं लिहू शकले असते ते परदेशात गेले, आणि जे इथे राहिले त्यांना वेळ नाही. उरलो मी. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. एक गोष्ट मात्र मी न बिचकता सांगू शकतो. साऱ्या नागपुरात, कदाचित साऱ्या देशात, भरलेल्या वस्तूपेक्षा रिकाम्या वस्तूवर जास्त विश्वास ठेवणारा दुसरा माणूस झाला नसेल.

सर रसायनशास्त्र शिकवत. औषधाचा किंवा तांबं-प्लॅटिनमसारख्या धातूच्या संयुगाचा कण शरीरात शिरला की तो नेमका कोणाला चिकटतो, रक्तातल्या प्रथिनाला की पेशीच्या पोटातल्या न्यूक्लिक आम्लाला, आणि चिकटला तर किती घट्ट, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. आम्हा नवख्यांना ते सांगत, "औषध म्हणजे लग्नाला निघालेला पाहुणा. निघतो मांडवाकडे, पण वाटेत ओळखीपाळखीचे भेटतात. या बसा म्हणतात, चहा घ्या म्हणतात. ही प्रथिनं म्हणजे ते ओळखीचे. शंभर पाहुणे निघाले आणि मांडवात पाचच पोचले, तर त्या पाचांवरच लग्न लावायचं असतं. म्हणून वाटेत कोण कोणाकडे बसला ते आपण मोजायचं." हे मोजण्याची रीत साधी होती. पारदर्शक कागदासारख्या नळीचा तुकडा घ्यायचा, एक टोक दोऱ्याने बांधायचं, आत प्रथिनाचं पाणी भरायचं, दुसरं टोक बांधायचं आणि ती पिशवी तांब्याच्या संयुगाच्या निळ्या पाण्यात टांगून ठेवायची. पिशवीला इतकी बारीक छिद्रं असतात की संयुग आतबाहेर करू शकतं, प्रथिन मात्र आतच राहतं. दुसऱ्या दिवशी बाहेरचा निळेपणा किती उतरला ते यंत्रावर पाहायचं. जेवढा रंग कमी, तेवढं संयुग आत जाऊन प्रथिनाला चिकटलं असं समजायचं. आणि या सगळ्यांच्या शेजारी एक पिशवी अशी टांगायची, जिच्यात प्रथिन नाही, नुसतं पाणी आहे. ही सरांची रिकामी पिशवी. "भरलेली पिशवी काय बोलते ते मले रिकामीले विचारल्याशिवाय कळत नाही," असं ते म्हणत. एरवी सर शुद्ध पुस्तकी मराठी बोलत, पण महत्त्वाचं काही निघालं की त्यांच्या तोंडात नागपूर यायचं.

इथपर्यंत ठीक होतं. पण सरांनी ही रिकामी पिशवी प्रयोगशाळेत ठेवली नाही, ती घेऊन ते गावभर फिरले. कोणी काही चांगलं आहे म्हटलं की ते लगेच विचारत, "कशाच्या मानाने?" पोहे खायला गेले की आधी बिनतर्रीची, म्हणजे तिखट रस्सा न घातलेली प्लेट, मग तर्रीची, आणि दोन्ही खाऊन झाल्यावर पुन्हा बिनतर्रीची, कारण मधल्या काळात जीभ बदलली असेल. एका वैद्याने टकलावर तेल दिलं तर ते त्यांनी दोन महिने फक्त डाव्या बाजूला लावलं. केस कुठेच आले नाहीत, पण उन्हात डावी बाजू चमकायची आणि पोरं लांबून ओळखायची. नागपूरच्या उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून माणसं खिशात कांदा ठेवतात. सरांनी एका मे महिन्याच्या दुपारी मला बर्डीवर गाठलं, आपल्या खिशात कांदा ठेवला आणि मला म्हणाले, "तू बिनकांद्याचा चाल." आम्ही बर्डीहून सदरपर्यंत पायी गेलो. संध्याकाळी सर डोक्याला ओलं फडकं बांधून पडले आणि मला काहीच झालं नाही. भेटायला गेलो तर पडल्या पडल्या म्हणाले, "एकाच माणसावरून काही सांगता येत नाही. उद्या कांदा तू घे." काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आतून ओरडल्या, "त्या पोराला जगू द्या हो!"

काकूंचं आणि या सवयीचं जुनं वैर होतं. लग्न झाल्यावर पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं, भाजी कशी झाली, आणि सर म्हणाले होते, "कशाच्या मानाने?" काकूंनी दुसऱ्या दिवशी ताटात दोन वांगी वाढली, एक मसाल्याचं आणि एक नुसतं पाण्यात उकडलेलं, बिनमिठाचं. "घ्या, याच्या मानाने." सरांनी दोन्ही खाल्ली आणि म्हणाले, "आता बोलता येईल. उत्तम झालीय." काकू ही गोष्ट सांगत तेव्हा रागाने सांगायला सुरुवात करत आणि हसत संपवत.

माझी आणि सरांची ओळख गाठीमुळे झाली. एम.एस्सी.ला असताना आम्हा पोरांच्या पिशव्या गळायच्या. दोरा घट्ट ओढला तर पिशवी फाटायची, सैल ठेवला तर प्रथिन बाहेर. एक दिवस सरांनी सगळ्यांच्या पिशव्या उचलून पाहिल्या आणि एकावर थांबले. "ही कोणाची?" मी हात वर केला. आता बोलणी बसणार असं वाटलं. "गाठ कोणी शिकवली?" मी खाली पाहत म्हणालो, "घरी माग आहे, सर. बाबा विणतात." वर्गात ही गोष्ट तोवर कोणाला माहीत नव्हती आणि माहीत होऊ नये अशी माझी धडपड होती. सरांनी ती पिशवी रिकामी केली, धुतली आणि माझ्या हातात दिली. "जपून ठेव. हिच्यातून थेंब आला नाही." नंतर सगळ्या वर्गाकडे वळून म्हणाले, "उद्यापासून हा शिकवेल." ज्या गोष्टीची मला लाज वाटायची तीच शिकवायला मी दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभा होतो.

पुढच्या रविवारी सर सायकल मारत आमच्या वस्तीत आले. अख्ख्या गल्लीला वाटलं, पोराने कॉलेजात काही भानगड केली. सर सरळ मागाजवळ जमिनीवर बसले आणि बाबांना म्हणाले, "तुटलेला धागा कसा जोडता ते दाखवा." बाबांनी दाखवलं. सरांनी दोन तास प्रयत्न केला, जमलं नाही. शेवटी बाबा हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमची बोटं लय शिकलेली हाय जी. जराशी अडाणी करा त्याईले." सर इतके हसले की माझ्या आईने घाबरून पाणी आणलं. पुढे कितीतरी वर्षं काही चुकलं की ते स्वतःशीच पुटपुटत, "अडाणी कर, अडाणी कर."

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं, पण ते गाळलं तर बाकीच्याला अर्थ नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मी सरांकडेच पीएच.डी.ला राहिलो. शेवटच्या वर्षी बाबांची नजर अधू झाली. मागावर धागा तुटला तर त्यांना दिसेना, आईला हाका मारायचे. मला एका तालुक्याच्या कॉलेजात लेक्चररची जागा मिळत होती, पण अट अशी की उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्रबंध सादर झालेला हवा. शेवटचा प्रयोग उरला होता. नळी परदेशातून यायची आणि संपत आली होती. सर आपल्या हाताने, कात्रीने तिचे तुकडे कापून देत. त्यांनी मला आठ दिले. प्रथिनाचं प्रमाण आठ ठिकाणी बदलून पाहिलं तर आलेख फार सुंदर येणार होता. मी आठही पिशव्यांत प्रथिन भरलं. रिकामी पिशवी दर वेळी काय सांगते ते माहीतच आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण या वेळचं संयुग नवीन होतं.

आलेख खरंच सुंदर आला. संयुग प्रथिनाला घट्ट चिकटत होतं, आम्हाला वाटलं होतं त्याहून कितीतरी घट्ट. सरांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "रिकामी पिशवी?"

"लावली होती, सर," मी म्हणालो.

"बरं."

एवढंच. एरवी या माणसाने वीस प्रश्न विचारले असते. त्या दिवशी त्यांनी कागद माझ्या टेबलावर परत ठेवला आणि बाहेर पडले. छत्री तिथेच राहिली. पुढचे दोन दिवस ते माझ्या टेबलाकडे चहाला आले नाहीत. मला वाटलं, परीक्षेचे पेपर तपासत असतील. पण ते "बरं" मला जेवू देईना. दुसऱ्या दिवशी मी घरच्या पेटीतून ती जुनी पिशवी काढली, पहिल्या दिवशी सरांनी दिलेली. सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ केली, नुसतं पाणी भरलं, त्याच निळ्या पाण्यात टांगली. तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्रावर पाहिलं. निळा रंग उतरला होता. आत प्रथिनाचा कण नव्हता, तरी भरलेल्या पिशव्यांसारखाच उतरला होता.

सर खिडकीशी उभे राहून काचेच्या कांडीने काहीतरी ढवळत होते. मी जाऊन उभा राहिलो. "सर, रिकामी पिशवी लावली नव्हती मी. खोटं बोललो."

कांडी थांबली नाही. "मग?"

"काल लावली. तिच्यातही रंग तेवढाच उतरला."

"तेवढाच म्हणजे?"

"जवळजवळ तेवढाच."

"जवळजवळ काय असते बे? आकडा सांग!"

मी आकडा सांगितला. सर वळले. मी मान खाली घालून होतो, म्हणून त्यांचा चेहरा पाहिला नाही, पण आवाज ऐकला. "म्हणजे हा बेटा प्रथिनाकडे गेलाच नाही! थैलीलेच चिकटून राहिला! पाहुणा मांडवात नाही, ओळखीच्याकडे नाही, रस्त्यालेच चिकटला!" आणि ते हसायला लागले. मला रडू फुटलं. सर गोंधळले, खिशातून रुमाल काढायला गेले तर कांदा निघाला, तोच त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाले, "आता काहून रडतो? थैलीला का चिकटतो ते शोधू. पुढच्या माणसाचं वर्ष वाचेल."

ती नोकरी दुसऱ्याला मिळाली. प्रबंधाला आणखी आठ महिने लागले. नळी मिळेना म्हणून सरांनी दोन ठिकाणी स्वतः पत्रं लिहून मागवली, आणि तोवर मला डेमॉन्स्ट्रेटरचं काम लावून दिलं. रागाचा एक शब्द ते बोलले नाहीत. मला आठवतं, कबुलीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा आणला होता. त्यात काकूंच्या हातच्या पुडाच्या वड्या होत्या, कोथिंबिरीचं सारण ठासून भरलेल्या, आणि शेवटी एक वडी अशी की जिच्यात काहीच नव्हतं, नुसता तळलेला पुड. "ही आधी खा," सर म्हणाले. मी खाल्ली. घरी काही सणवार झाला असेल, त्यातलं उरलेलं असेल, असं मी समजलो. विचारायचा धीर झाला नाही.

पुढे मला दुसऱ्या गावी नोकरी मिळाली. बाबा-आई माझ्याकडे आले. सरांची पत्रं येत, त्यातही एक प्रश्न ठरलेला: "तिथे पाणी कसं आहे? कशाच्या मानाने?" मग पत्रं कमी झाली. मीही लग्न, मुलं, पेपर तपासणं यात बुडालो. कमी झाली हे मला दिसत होतं, तरी मी गेलो नाही. याची खंत आहे.

मागच्या वर्षी एक पाकीट आलं. ते आधी आमच्या जुन्या गल्लीत गेलं होतं, तिथून कोणीतरी नवा पत्ता लिहून पुढे धाडलं, म्हणून दीड महिना उशीर झाला. अक्षर काकूंचं होतं. सर गेले होते. कर्करोग झाला होता, मुंबईला नेऊन प्लॅटिनमचं औषध दिलं. त्यांनी सलाइनकडे बोट करून डॉक्टरांना विचारलं म्हणे, "यातले वाटेत किती बसतील आणि मांडवात किती पोचतील?" डॉक्टर गडबडले. सरांनी त्यांना कागद मागून सगळं समजावून सांगितलं. औषधाने काही महिने बरे गेले. काकूंनी लिहिलं होतं, "बरे दिसता म्हटलं तर हे चिडले नाहीत, कशाच्या मानाने विचारलंही नाही, तेव्हाच मी समजले."

शेवटचं पान वेगळ्या शाईत होतं. ते जसंच्या तसं इथे देतो.

"तुला एक सांगायचं राहिलं. यांनी सांगू नको म्हटलं होतं, पण आता ते रागावणार नाहीत. तू ते खोटं बोललास ना, ते यांना त्याच क्षणी कळलं होतं. आठ तुकडे यांनीच कापून दिले होते, आणि आठही भरलेल्या पिशव्या तुझ्या कागदावर होत्या. नववी कुठून येईल? घरी आले ते छत्री विसरून. तीन दिवस नीट जेवले नाहीत. मी म्हटलं, विचारा ना त्याला. तर म्हणाले, नाही, मी विचारलं तर मले कधीच कळणार नाही. तिसऱ्या दिवशी दुपारीच घरी आले आणि मला पुडाच्या वड्या करायला बसवलं. मी म्हटलं, आज कोण येणार जेवायला? तर म्हणाले, कोणी नाही. पोट्टा स्वतःहून खरं बोलला."