कापसावर चाललेलं वाचनालय

वाचनालय चालवायला सरकारी अनुदान लागतं, रोख वर्गणी लागते आणि निदान वाचता येणारा एक माणूस लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या बोरी अरबचे गादीवाले चाचा पाहिलेले नाहीत. चाचांकडे यातलं काहीच नव्हतं आणि तरी त्यांच्याइतकं धडाक्यानं चाललेलं वाचनालय मी सबंध यवतमाळ जिल्ह्यात पाहिलं नाही. उर्दू ते झरझर वाचत, पण मराठीतलं एक अक्षर त्यांना लागत नसे, आणि वाचनालयातली यच्चयावत पुस्तकं मराठी होती.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि कुणी नाही म्हणून वाचनालयाचा सचिव. कापसाला भाव नव्हता ती वर्षं. अनुदान थकलं, वर्तमानपत्रं बंद पडली आणि ग्रंथपाल पुसदला किराणा दुकानात कामाला लागला. किल्ली ठेवायची कुठे, म्हणून मी ती शेजारच्या गादीच्या दुकानात चाचांकडे ठेवली. नुसती ठेवली होती हो! आठ दिवसांनी जाऊन पाहतो तर वाचनालय सताड उघडं, चाचा मांडी ठोकून बसलेले आणि समोर कापसाचा ढीग. ‘‘हे काय चाचा?’’ म्हटलं तर म्हणाले, ‘‘वर्गणी. लोकाईजवळ पैसा कुठी हाय, मास्तर? कापूस हाय. जे हाय ते घेऊन राह्यलो.’’ तोही चांगला कापूस नव्हे. व्यापारी ज्याला हात लावत नाहीत तो किडका, पिवळा पडलेला कवडी कापूस, एका पुस्तकाला एक ओंजळ. चाचा तो पिंजत, त्याच्या गाद्या-उशा भरत, त्या नेरच्या बाजारात विकत आणि येताना पुस्तकं घेऊन येत. ओंजळ पुस्तक न्यायला येणाऱ्याची धरायची असा नियम होता, त्यामुळे गावातली चिक्कू मंडळी पुस्तक आणायला घरातल्या सगळ्यांत लहान पोरीला धाडू लागली. चाचा तिच्या इवल्याशा ओंजळीकडे बघून गंभीरपणे म्हणत, ‘‘हो न बाई, पुरते.’’

मराठी वाचता येत नसल्यामुळे पुस्तकांची नावं त्यांनी स्वतःची ठेवली होती. ‘हेडमास्तरचं झोपेचं’, ‘पोस्टमनच्या बायकोनं दोनदा नेलेलं’, ‘हिरवं, ज्याच्यात शेवटी माय भेटते ते’. मी मोठ्या हौसेनं पुस्तकांवर अनुक्रमांक टाकले, ते त्यांनी कधी पाहिलेसुद्धा नाहीत. आणि पुस्तक निवडायचा हक्क वाचकाला नव्हता. चाचा तोंडाकडे बघत, जरा विचार करत आणि हकिमानं पुडी द्यावी तसं एक काढून हातात ठेवत. कपाटात पुस्तक दिसलं की त्यांचा जीव खाली-वर होई. ‘‘हे काहून बसून राह्यलं? कोनाच्या घरी धाडा न याले!’’ रस्त्यानं जाणाऱ्या दुधवाल्याला अडवून त्यांनी प्रवासवर्णनं दिलेली मी पाहिली आहेत. तो बिचारा दुधाचे कॅन सांभाळत ‘‘पण मी कुठं मागतलं?’’ म्हणत राहिला आणि पुढल्या आठवड्यात दुसरा भाग मागायला आला.

पण चाचांची खरी करामत म्हणजे दंड. पुस्तक पंधरा दिवसांत परत आलं नाही तर दंड पैशांत नाही आणि कापसातही नाही. उशीर करणाऱ्यानं दुपारी दुकानात बसून एक प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवायचं. पिंजायच्या मशीनच्या घरघरीत ऐकू येत नाही म्हणून त्या वेळात चाचा मशीन बंद करत आणि बापाच्या वेळची, हातानं कापूस पिंजायची धुनकी काढून बसत. धुनकीचा तंय तंय ठेका आणि त्यावर वाचन! चाचांचं सगळं मराठी वाचन हे असं दुसऱ्यांच्या दंडातून झालेलं होतं, आणि ते माझ्यापेक्षा जास्त होतं हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. दवाखान्यातला कंपाउंडर बायकांचे आवाज काढून असा काही वाचायचा, की त्याला दंड बसला हे कळलं की ऐकायला गर्दी जमे. तो मुद्दाम उशीर करतो अशी शंका सगळ्यांना होती. चाचांना तर खात्रीच होती, आणि ते त्याला सगळ्यांत जाड पुस्तक देत.

कंपाउंडर असंच एक जाडजूड पुस्तक दंडात वाचत होता. नायिका घर सोडून निघाली होती आणि नेमके त्याच दिवशी वाचनालयाच्या तपासणीला सरकारी साहेब आले. चाचांनी त्यांना नव्या गादीवर बसवलं. साहेबांनी वर्गणीच्या पावत्या मागितल्या. ‘‘त्याच्यावरच बसले हा तुमी,’’ चाचा म्हणाले. साहेब काही हसले नाहीत. पण प्रकरण संपेपर्यंत हललेही नाहीत. ‘‘मग ती जाते का परत?’’ असं त्यांनी कंपाउंडरला हळूच विचारलंसुद्धा. नंतर मात्र चष्मा नीट करून त्यांनी शेरा लिहिला, की कापसाच्या रूपातील वर्गणीस नियमात तरतूद नाही. महिन्याभरात मान्यता गेली. खोली खताची पोती ठेवायला द्यायची आणि पुस्तकं दारव्ह्याला जमा करायची असा हुकूम आला.

मी हातपाय गाळले. चाचांनी दोन दिवसांत एक ओंजळही न घेता गावात प्रत्येक घरी पुस्तकं वाटून टाकली. ‘‘वाचून झालं का शेजाऱ्याले द्या. शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याले. मले विचारू नका.’’ पुस्तकं न्यायला टेम्पो आला तेव्हा कपाटात होतं एक झुरळ आणि माझं अनुक्रमांकांचं रजिस्टर. रजिस्टर नेलं. गाव पोट धरधरून हसलं. मी चौकात भाषण ठोकलं, की आता भिंती नसलेलं, कुलूप नसलेलं वाचनालय सुरू झालं. टाळ्या पडल्या. चाचाही वाजवत होते.

पाच-सहा महिन्यांनी सहज दुकानात डोकावलो. मशीन घरघरत होतं, धुनकी भिंतीला टांगलेली. चाचांनी चहा मागवला आणि इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, ‘‘मास्तर, ते बाई घर सोडून गेलती, तिचं पुढं काय झालं?’’

‘‘का, कंपाउंडर येत नाही दंड भरायला?’’

‘‘येईन कायले? आता तारीखच नाही, त उशीर कोनाले होते?’’ ते हसत म्हणाले.

गावभर पुस्तकं फिरत होती आणि ती ज्यांनी फिरवली त्यांच्या दुकानावरून सरळ पुढे जात होती. भाषणाच्या भरात मला हे दिसलंच नव्हतं. मी त्या पुस्तकाच्या मागे लागलो. कंपाउंडरनं ते पोस्टमनच्या बायकोला दिलेलं, तिनं नेरला बहिणीला, बहिणीनं पुसदला नणंदेला, आणि नणंदेला आठवत नव्हतं. शेवटी मी चाचांसमोर बसून पुस्तक पुसदला गेल्याचं सांगितलं आणि एक शेवट मनानंच रचून ऐकवला. नायिका परत येते, सासू रडते, वगैरे. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘तुमी बनवून सांगून राह्यले,’’ ते म्हणाले. ‘‘ते बाई वापस येनारी नोती, मास्तर. पन पुस्तक पुसदले गेलं म्हन्ता?’’

‘‘हो.’’

‘‘पुसदले!’’ त्यांनी मशीन बंद केलं आणि शेजारच्या पानवाल्याला हाक मारून सांगितलं, की आपलं पुस्तक पुसदपर्यंत गेलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘बसा न थोडं.’’ पण मला एसटी गाठायची होती. त्याच महिन्यात माझी बदली झाली, आणि पुढे चाचा वारले. ते ‘बसा न’ म्हणाले त्या दिवशी माझ्या पिशवीत एक पुस्तक होतं. ते बाईचं नव्हे, दुसरंच होतं, पण गोष्टीचंच होतं, आणि तासभर बसून मी ते वाचून दाखवू शकलो असतो, हे मला एसटी सुटल्यावर सुचलं.