डायबेटिस असलेल्या काकूंना साखर

मंडळी, आज घडलेलं लगेच लिहितो.

आज संकष्टी. दुपारी आमच्या शनिवार पेठेतल्या वाण्याकडे शेजारच्या काकू अचानक घामाने भिजल्या आणि असंबद्ध बोलू लागल्या. डायबेटिसची गोळी घेतलेली, पण पोटात काहीच नव्हतं.

मी साखरेचं पाणी मागितलं. एक गृहस्थ ओरडले, "अहो, डायबेटिसला साखर? मारताय का बाईंना?"

बाबांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, साखर उतरली तर साखरच द्यायची. काकूंना गिळता येत होतं. मी घोट घोट पाजत राहिलो. माझं चुकत असेल तर?

बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "चंद्र उगवला का रे?"

"नाही, काकू."

"मग उपास मोडलास माझा!"

त्यांना लगेच दवाखान्यात नेलं. आता बऱ्या आहेत.

तुमच्या घरी गोळ्या घेऊन कोणी उपास करतं का? डॉक्टरांना विचारलंय?